साहेबांनी रोज यावं

मी फुगा बोलतोय. जत्रेत काठीला बांधून विकतात तो नव्हे. त्याचं नशीब माझ्यापेक्षा बरं, तो निदान फुटतो तरी. मी कॉमिकमधला फुगा. चित्रातल्या माणसाच्या तोंडापाशी जी पांढरी गोल जागा असते आणि जिच्यात त्याचं बोलणं लिहिलेलं असतं, ती जागा म्हणजे मी. मला एक छोटी शेपटी आहे. ती ज्याच्या तोंडाकडे वळेल त्याचे शब्द माझ्या पोटात, एवढा साधा माझा धंदा. पण या साध्या धंद्याचं लोकांनी काय करून ठेवलंय ते सांगायला बसलो तर तुमची अर्धी दुपार जाईल. जाऊ द्या. माझी तर हयात गेली.

कागदावरचे फुगे माझे पूर्वज. मी मात्र संगणकावर जन्मलो. लहान मुलांना घरबसल्या कॉमिक बनवता यावं म्हणून परदेशात कुणीतरी एक वेबसाइट काढली, तिथं. चित्रं तिथं आयती मिळतात. डावीकडच्या खणातून माणूस उचलायचा, चौकटीत ठेवायचा, मागे घर नाहीतर डोंगर लावायचा आणि शेवटी मला ओढून आणायचं. माझी दोन भावंडं आहेत. एक ढगासारखं, ते मनातलं सांगतं. दुसरं काटेरी, ते ओरडतं. मी साधं बोलणारा. आता कुणीतरी येईल आणि स्वतःचं काहीतरी माझ्यात लिहील, या आशेवर मी पहिली काही वर्षं फार खुशीत काढली.

मराठी माझ्या पोटात पहिल्यांदा पडलं ते शिक्षकांच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणात. दोन तासांचं प्रशिक्षण. त्यातला पहिला तास 'माझा आवाज येतोय का' यातच संपला. दुसऱ्या तासात लातूर-नांदेडकडच्या दीडशे शिक्षकांनी माझ्यात 'नमस्कार' लिहिलं, पडद्याचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि मला बंद केलं. दीडशे नमस्कार! नमस्काराच्या पुढचं वाक्य एकानंही लिहिलं नाही. पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना मला तेव्हाच यायला हवी होती.

मला परत उघडलं ते एकट्या आरती मॅडमनी. उदगीरहून देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, सांगितलं तर मॅडमवर बालंट यायचं. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मॅडम चौथीला शिकवतात. रोज उदगीरहून एसटीनं येतात, संध्याकाळी एसटीनंच जातात. वर्गात पोरं एकोणीस आणि लॅपटॉप एक. तोही कुणीतरी शाळेला भेट दिलेला. मुख्याध्यापक अमृतराव, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, त्यांनी त्याच्या पडद्यावरचं प्लास्टिक काढू दिलं नव्हतं. नवी वस्तू नवीच राहावी, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं मला त्या वर्गातले चेहरे तेलकट कागदातून बघावं तसे दिसायचे.

इंटरनेट म्हणजे मॅडमचा मोबाइल. त्याला रेंज यायची फक्त खिडकीपाशी, आणि खिडकीपाशी होता पाण्याचा माठ. म्हणून माठाशेजारी स्टूल आणि स्टुलावर आम्ही. दोघं-दोघं पोरं नंबर लावून यायची. रेंज गेली की मोबाइल खिडकीच्या गजाबाहेर धरायला एक जण वेगळा.

माझ्या खणातली चित्रं बघून पोरं आधी बुचकळ्यात पडली. पिवळ्या केसांचा मुलगा, धुराड्याचं घर, बर्फाचा माणूस, समुद्री चाचे, राजे, राजवाडे. म्हैस नाहीच. मग बजरंग नावाच्या पोरानं पाणघोडा घेतला, त्याला काळा रंग दिला आणि सांगितलं, ही आमची म्हैस. दुसऱ्या चौकटीत बर्फाच्या माणसाला बादली दिली आणि सांगितलं, हा आमचा बाप. आणि म्हशीच्या तोंडाला मला लावून त्यानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'आज नको धुऊ. लई थंडी हाय.' अर्धे काने-मात्रे माझ्या पोटाबाहेर लोंबत होते, कारण मला शिवणाऱ्यांनी मराठीचं माप घेतलंच नव्हतं. पण त्या वाक्यावर सगळा वर्ग असा हसला की तिसरीची पोरं दाराशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी मला फुगा असल्याचं सार्थक वाटलं.

ते सुख दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मोठे सर चष्मा लावून लॅपटॉपपुढं वाकले.

"मॅडम, हे काय? म्हैस बोलून राहिली?"

"हाव सर, बजरंगनं केलंय."

"ते ठीक हाय. पण याच्यात संदेश कुठं हाय? ग्रुपवर टाकायचं म्हणजे संदेश पायजे. तालुक्याचे साहेब बघतात."

संदेश! हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मोठे सर गेले आणि मॅडम माझ्यातलं एकेक वाक्य पुसायला बसल्या. बजरंगची म्हैस म्हणू लागली, 'पाणी जपून वापरा.' डोहात गळ्यापर्यंत बुडून ती हे सांगत होती. चाचा तलवार उपसून म्हणाला, 'रोज शाळेत या.' राजा म्हणाला, 'झाडे लावा.' कॉमिकं पोरापोरांची वेगळी, आणि बोलणारा माणूस एकच. बजरंगनं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, म्हैस असं कुठं बोलती?"

"ग्रुपवर टाकायचंय रे," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्याचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्याला द्या." आणि जाऊन मागे बसला. त्याचं काय चुकलं, सांगा.

मॅडम वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. मला तर आलाच. पण सुटीच्या दिवशी घरी बसून मला शिकून घेणारी, स्वतःच्या मोबाइलचं नेट पोरांवर घालवणारी बाई वाईट कशी असेल? त्या भित्र्या होत्या. भित्र्या माणसाच्या हातात मी पडलो की माझे हाल कुत्रा खात नाही.

आता अंजूचं सांगतो. बसथांब्यावर किराणा दुकान चालवणारे संगमेश्वर, त्यांची ही मुलगी. घरी कन्नड बोलायची, शाळेत बहुधा काहीच बोलायची नाही. माझं स्टूल माठापाशी असल्यामुळं कोण किती पाणी पितं हे मला पाठ झालं होतं. मार्च लागला होता. खिचडी खाऊन झाली की पोरं माठावर तुटून पडायची. अंजू ग्लास भरून घ्यायची, हात धुवायची, ओठ ओले करायची आणि ग्लास पालथा घालायची. रोज. बाकीच्या मुलीही घोटभरच प्यायच्या, पण अंजू तेवढंही नाही. मला वाटलं, पाण्याची चव आवडत नसेल.

तिचा नंबर आला तेव्हा तिनं अर्धा तास घेतला. मध्ये दोनदा रेंज गेली, तरी ती उठली नाही. चार चौकटींत तिनं दोन मुली काढल्या. पहिल्या चौकटीत एक मुलगी पाण्याचा ग्लास पुढं करते, 'पी.' दुसरी म्हणते, 'नको.' पुढच्या चौकटीत डोक्यावर भला मोठा सूर्य. 'कामून?' 'मग जावं लागतंय.' तिसऱ्या चौकटीत दार. माझ्या खणात बाथरूम नाही, म्हणून तिनं राजवाड्याचं दार घेतलं आणि त्यावर चाच्यांच्या पेटीचं कुलूप आणून लावलं. 'उघड की.' 'किल्ली मोठ्या सरापशी हाय.' चौथ्या चौकटीत तेच दार सताड उघडं आणि दारात मुकुट घातलेला राजा, कारण साहेबही माझ्या खणात नाहीत. तिथं त्या मुलीच्या तोंडाशी मला लावून तिनं लिहिलं, 'साहेब आले की कुलूप निघतंय. साहेबांनी रोज यावं.'

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेत मुलींसाठी नवं बाथरूम आहे. फरशीचं, भिंतीवर कमळं रंगवलेलं. आणि त्याला कुलूप आहे. पोरी घाण करतात, आणि साहेब तपासणीला आले तर दाखवायला एक तरी जागा चकचकीत पाहिजे, असा मोठ्या सरांचा हिशोब. तपासणीच्या दिवशी कुलूप निघायचं, साहेब गेले की लागायचं. एरवी पोरं भिंतीमागं जायची. पोरी घरी जाईपर्यंत धरून बसायच्या.

इतकं खरं वाक्य माझ्या पोटात कधी पडलं नव्हतं. मी अक्षरशः फुगलो.

मॅडमनी कॉमिक वाचलं. पुन्हा पहिल्या चौकटीपासून वाचलं.

"अंजू, तू म्हणून पाणी पीत नाहीस?"

"हाव." मग जरा थांबून ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुमची बाटली बी भरलेलीच असती की."

उदगीरहून भरून आणलेली बाटली संध्याकाळच्या एसटीनं तशीच भरलेली परत जायची, हे त्या पोरीनं बघून ठेवलं होतं. बापाच्या वयाच्या माणसापुढं हात करून ती किल्ली कशी मागायची, हे मॅडमना दोन वर्षांत जमलं नव्हतं.

मला वाटलं, आता काहीतरी होणार. तेवढ्यात व्हरांड्यातून मोठ्या सरांचा आवाज आला, "मॅडम, झाले का कॉमिक? पाचपर्यंत ग्रुपवर पायजेत."

मॅडमनी चारही चौकटींतलं एकेक अक्षर पुसलं. अंजू शेजारी उभी होती, तिच्यादेखत पुसलं. आणि शेवटच्या चौकटीत माझ्यात लिहिलं, 'आमची शाळा, स्वच्छ शाळा.' शेपटी अंजूच्या मुलीकडं आणि शब्द दुसऱ्याचे. माझ्या धंद्यात याला खोटी साक्ष म्हणतात. आणि मी काय केलं? काहीच नाही. नाव बोलण्याचा फुगा, पण स्वतःहून एक अक्षर तोंडातून काढता येत नाही. आयुष्यात इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि तो पोटात घालून मला हसऱ्या मुलीशेजारी गोल गरगरीत होऊन बसावं लागलं.

दोन दिवसांनी अंजू शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी संगमेश्वर आले.

"मॅडम, पोरीला ताप हाय. लघवीला जळजळ हुतीय, रडून राहिली. उदगीरचे डॉक्टर म्हणले, पाणी लई कमी पडलंय. घरी तर पिती की ओ. शाळेत कामून पीना?"

मॅडमनी मोठ्या सरांकडं बघितलं. मोठे सर खुर्चीतून उठून माठापाशी आले, झाकण उचलून दाखवलं. "हे बघा, भरलेला हाय. रोज भरतो. आता पोरीच पीनात, त्याला आम्ही काय करावं?"

संगमेश्वरांनी माठात डोकावलं. माठ खरंच भरलेला होता. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. चौथीची कॉमिकं उघडीच होती. खाली अंजूचं नाव बघून त्यांनी बोट लावून वाचलं, 'आमची शाळा, स्वच्छ शाळा.'

"पोरीनं चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. आणि हात जोडून निघून गेले.

त्यांचा जीव माझ्यामुळं निर्धास्त झाला. माझ्यामुळं! काटेरी भावंडासारखं ओरडता आलं असतं तर मी गाव गोळा केला असता.

पुढच्या आठवड्यात साहेबांची तपासणी आली. तालुक्याहून साहेब येणार म्हटल्यावर सकाळीच कुलूप निघालं. फिनाइल पडलं, नवी बादली आली, साबणाचं वेष्टण सुटलं. मोठ्या सरांनी लॅपटॉपवरचं प्लास्टिकदेखील स्वतःच्या हातानं सोलून काढलं, आणि अंजूचा चेहरा मला पहिल्यांदा नीट दिसला. ती कालच शाळेत परतली होती. गाल बसले होते.

साहेब लॅपटॉपपुढं बसले आणि एकेक कॉमिक मोठ्यानं वाचू लागले. पाणी जपून वापरा, छान. झाडे लावा, छान. मग माझ्यापाशी आले. "आमची शाळा, स्वच्छ शाळा. वा! कुणी केलंय हे?"

अंजू उभी राहिली.

"तू लिहिलंस का बाळ?"

"न्हाई," अंजू म्हणाली.

मोठे सर घाईनं हसले. "लाजून राहिली सर. तिचंच हाय."

"सर," मॅडम साहेबांना म्हणाल्या, "तिचं वाक्य दुसरं होतं. मी बदललं." त्या पुढं आल्या, साहेबांच्या बाजूनं हात घातला आणि माझ्यातलं सगळं पुसून टाकलं. मग लिहिलं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. 'साहेब आले की कुलूप निघतंय. साहेबांनी रोज यावं.'

मोठ्या सरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब वाकले, त्यांनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की बघत राहावं.

"अरे वा! साहेबांनी रोज यावं! बघा अमृतराव, लेकरांना आपण रोज यावं असं वाटतंय."

"हाव सर, हाव," मोठे सर म्हणाले, "लई वाट बघतात तुमची."

कुलूप कोणतं, हे साहेबांनी विचारलंच नाही. त्यांनी मोबाइल काढला, फक्त शेवटच्या चौकटीचा फोटो घेतला आणि तिथल्या तिथं ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'भेटीतील एक भावुक क्षण.' मी हात टेकले. खोटं लिहिलं तर खरं समजतात आणि खरं लिहिलं तर कौतुक समजतात. फुग्यानं करावं तरी काय?

मग साहेबांनी सगळ्यांना फोटोसाठी झेंड्याच्या खांबाशी बोलावलं. पोरं पळाली. अंजू मागं राहिली. "मॅडम, मी जाऊन येऊ?"

"जा."

तिच्यामागं दुसरी उठली. मग तिसरी. चौथीच्या अकरा मुली आणि त्यांचं बघून तिसरीच्याही, खिडकीतून मला दिसत होतं, सगळ्या त्या कमळांच्या भिंतीशी ओळ करून उभ्या राहिल्या. आज दार उघडं होतं, उद्या नसणार होतं, हे प्रत्येकीला माहीत होतं. ओळीत सगळ्यात शेवटी आरती मॅडम होत्या.

"मुली कुठं गेल्या?" साहेबांनी विचारलं.

"येतील सर. पाणी प्यायला गेल्या असतील," मोठे सर म्हणाले.

साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं. फोटो पोरांचाच निघाला. चार वाजता कुलूप परत लागलं. ग्रुपवर माझ्या फोटोला चाळीस अंगठे आले होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. मोठ्या सरांचं टेबल आमच्या वर्गाच्या दारातच असतं. ते हजेरी भरत होते. मॅडमनी मला उघडलं, पण नंबर कुणालाच दिला नाही. मग उठल्या आणि टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, किल्ली द्या."

"कशाची?"

"बाथरूमची."

"कशाला? आज कोण येणार हाय का?"

"मला जायचंय, सर," मॅडम म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या. मागं बसलेल्या बजरंगलाही ऐकू गेलं.

मोठ्या सरांनी मान वर केली नाही. त्यांचे कान लाल झाले. खिशात हात घालून त्यांनी किल्ली काढली आणि हजेरीवर ठेवली. मॅडम जाऊन आल्या. आता किल्ली टेबलावर परत जाणार, असं मला वाटलं. पण त्या टेबलावरून पुढं आल्या आणि त्यांनी ती अंजूच्या हातात दिली. "तुझं झालं की लुंबिनीला दे. तिचं झालं की पुढं द्या. घाण दिसली तर पाणी टाका, नाहीतर मला सांगा."

मोठे सर चार दिवस मॅडमशी बोलले नाहीत. पण किल्लीही त्यांनी परत मागितली नाही. मागायची म्हटली तर कशाला पाहिजे ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं.

'मला जायचंय, सर.' हे तीन शब्द माझ्यात कुणी लिहिले नव्हते. त्यांचा फोटो निघाला नाही की त्यांना अंगठे मिळाले नाहीत. मी आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघत होतो ते माझ्या शेजारून चालत गेलं आणि माझ्या पोटात पडलंच नाही. राग आला का म्हणाल तर थोडा आला.

अजूनही मी त्याच स्टुलावर आहे. बजरंगची म्हैस अजून पाणी जपून वापरा म्हणते, राजा अजून झाडं लावायला सांगतो. मॅडमचं वेबसाइटवरचं फुकट खातं जूनमध्ये संपेल, तेव्हा आम्ही सगळेच पुसले जाऊ. तोवर एवढंच मागणं आहे. लेकरू माझ्यापुढं बसलं की तुम्ही जरा लांब जाऊन बसा. त्यानं काय लिहावं हे त्याला माहीत असतं. तुम्हाला नसतं.

काल अंजूचा नंबर होता. तिनं तिचं कॉमिक उघडलं आणि शेवटच्या चौकटीतलं ते वाक्य बराच वेळ वाचत बसली.

"मॅडम, हे पुसू का?"

"का गं? चांगलं तर लिहिलंयस."

"आता तसं न्हाई की," अंजू म्हणाली. आणि तिनं ते पुसलं. आजवर मला हजार वेळा पुसलंय, दर वेळी माझा जळफळाट झालाय. काल झाला नाही.